कोण गेलं?

मुलीचं नवं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर येऊन पंधरा दिवस झाले, तरी मी ते उघडलं नव्हतं. ती जर्मनीत चेलो वाजवते. चेलो म्हणजे खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचं भलंथोरलं व्हायोलिन. मागं अख्खा ऑर्केस्ट्रा आणि पुढं ही, असं दीडशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं रोमँटिक, म्हणजे भावनेनं ओथंबलेलं संगीत. 'बाबा, ऐकून सांगा,' एवढाच निरोप होता.

मी फौजेच्या बँडात वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. सुरांचं वेड तिला मीच लावलं, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला. माझी बायको शेवटच्या दुखण्यात पडली त्याच आठवड्यात हे रेकॉर्डिंग होतं. मुलगी आली नाही. आई गेल्याचं फोनवर सांगितलं तर रडलीसुद्धा नाही. 'तुम्ही जेवलात का?' म्हणाली. तो राग माझ्या पोटात तसाच होता. तेव्हापासून आमचं बोलणं पाऊसपाण्यापुरतं.

एकट्याला घर खायला उठतं म्हणतात. साताऱ्यातलं माझं घर त्या दुपारी खरंच उठलं, म्हणून रेकॉर्डिंग लावलं. फौजी कानानं चुका शोधत बसलो. एकही सापडली नाही, त्याचाही राग आला.

एवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. डोक्यावर पदर घेऊन दाराशीच टेकल्या. 'या' म्हटलं तर बोलल्या नाहीत. पाणी दिलं, त्याला हात लावला नाही. मयताच्या घरी बसतात तशा खाली बघत बसून राहिल्या. मला काही कळेना.

चेलो थांबल्यावर हळूच म्हणाल्या, "आवं, कोन गेलं?"

"कोणी नाही."

"मग रेडिओवर ह्ये कशापायी? दिल्लीतलं कोन मोटं मानूस गेलं की आसलंच लावत्यात."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "रेडिओ नाही मावशी, फोन आहे. कोणी गेलेलं नाही."

"न्हाई? मग येवडं रडतंय कोन?"

हसू तिथंच विरलं. वीस वर्षं बँडात काढलेल्या माझ्या कानाला जे ऐकू आलं नव्हतं, ते या बाईला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं.

"माझी लेक," मी म्हणालो.

"मग हितं काय बसलाय? लावा की तिला फोन."

लावला. पलीकडून "बाबा?" आलं. मी विचारलं, "जेवलीस का?"