फोटोपुरता एक घोट

शहाळ्यातली नळी माझ्या ओठांवर टेकवली गेली, तेव्हा माझं रक्त शेजारच्या यंत्रातून फिरत होतं.

कडेगावच्या डायलिसिस केंद्रात त्या सकाळी गावचे पुढारी दादासाहेब यांचा वाढदिवस येऊन थडकला. रुग्णांना फळवाटप. अत्तराचा उग्र दर्प, कार्यकर्त्यांच्या गळ्यांत उपरणी, प्रत्येक खाटेवर केळ्यांची फणी आणि तोंड छाटलेलं शहाळं. दादासाहेबांच्या पत्नी, गावाच्या वहिनीसाहेब, माझ्यावर ओणवल्या. तोंड मात्र कॅमेऱ्याकडे.

"मला चालत नाही," मी म्हणाले. "मूत्रपिंडं निकामी आहेत. यातला क्षार शरीरात साठतो. हृदय बंद पडतं."

"आगं, शाळ्यानं कुनी मरतंय व्हय? एक घोट घे, फोटोपुरता."

"नखरं लय हायती," मागून एक उपरणं हसलं. "फुकाट मिळतंय न्हवं!"

पेलाभर पाण्यावर दिवस काढणाऱ्या माझ्या घशाला तो गोड, ओला वास आतून ओरबाडत होता. माझी तहान त्यांना फ्लेक्सवर छापायची होती.

मी ओठ घट्ट मिटले. शहाळं कललं, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. चिकट, थंड. फोटो निघाला. वहिनीसाहेब हातभर अंतरावरच्या खाटेकडे वळल्या.

तिथे माझ्यासारखेच यंत्राला जोडलेले सुभेदारकाका. फौजेत हुकूम पाळण्यात हयात गेलेली. त्यांनी मोकळ्या हाताने शहाळं घेतलं.

"आवं काका, नगा पिऊ!" माझ्या तोंडून माझी मायबोली फुटली.

"मोठी मानसं आल्याती, पोरी. न्हाई कसं म्हनू?"

नळी त्यांच्या ओठांत गेली.

माझा डावा हात सुयांनी जखडलेला. उजव्याने मी ते शहाळं हिसकावलं आणि फरशीवर आपटलं. वहिनीसाहेबांच्या पैठणीचे काठ भिजले. तेवढ्याने त्या किंचाळल्या. माणूस मरता मरता राहिला, त्याचं काहीच नाही.

"मरायला टेकलीया, तरी माज बघा हिचा!" त्या म्हणाल्या.

"मी इथं जगायला येते," मी म्हणाले. "तुमच्या पुण्यासाठी मरायला नाही."

त्या निघून गेल्या. त्यांच्या दयेची मला किळस येते. अडाणी, सजलेली, टाळ्यांना हपापलेली दया. आता लग्नात, सभेत, भर बाजारात मी बाही वर करून सुयांचे व्रण दाखवते आणि आजाराचं नाव मोठ्याने घेते. आम्हाला भेटायचं असेल, तर आधी आमचा आजार शिका. तोवर उंबऱ्याबाहेर थांबा. दारात मी उभी आहे.