सड्यावरची शून्यं

दसरा झाला की आमच्या गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, भोवत्या पक्षी मुक्कामाला येतात. भोवत्या घारीच्याच कुळातला, पण अंगाने सडपातळ. गवताला पोट घासेल इतक्या खालून तरंगत शिकार करतो, आणि झाडावर न बसता जमिनीवर, गवतातच झोपतो. थंडीच्या आधी तो उत्तरेकडच्या दूरच्या माळरानांवरून इकडे उतरतो. आमचे लोक त्याच सड्याबद्दल 'वर काय, नुसता कातळ' म्हणतात आणि जमिनी चिरेखाणीला देतात.

माझी मोठी बहीण हे पक्षी मोजायची. हायस्कुलात विज्ञान शिकवायची, लग्न केलं नव्हतं. अकरा वर्षं तिने हा नेम पाळला. उतरण्याआधी पक्षी घिरट्या घालतात, एकच दोनदा मोजला जातो. म्हणून गवतात बसलेलाच धरायचा. नजर हलवून लिहिता येत नाही, तेव्हा एक पक्षी बसला की एक चिंचोका उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. खाली उतरल्यावर चिंचोके मोजून वहीत आकडा.

सड्यावर गुरं राखणारे एक म्हातारे होते. ते तिला रोज विचारायचे, "काय बाय, आज किती कोंबड्या बसल्या?"

"सव्वीस, आबा. कालच्यापेक्षा एक कमी."

"तो मुंबैला गेला आसंल. माज्या पोरासारका."

शून्याबद्दल मात्र ती कडक होती. सूर्य मावळण्याआधी तासभर जाऊन पार अंधार होईपर्यंत बसलो आणि एकही उतरला नाही, तरच शून्य. गेलोच नाही, तर आडवी रेघ.

ज्या वर्षी सड्यावर नवी चिरेखाण काढायला अर्ज झाला, त्या वर्षी ताईने कचेरीत हरकत घेतली. हरकतीला आधार एवढाच, की इथे दरसाल हे पक्षी मुक्कामाला येतात. कार्तिक संपला की त्या वर्षीचे आकडेही आणून देईन, असं तिने लिहून दिलं होतं. मग भाद्रपदात ती आजारी पडली आणि तिला मुंबईच्या इस्पितळात ठेवावं लागलं. आमची चुलत बहीण तिच्याजवळ राहिली. मी इथल्या वाचनालयात नोकरीला. शनिवार-रविवार मुंबईला जायचो. ताई म्हणाली, "बाकीचे पाच दिवस तू मोज."

पहिल्या दिवशी गेलो. परतीचा पाऊस लागला, धुकं उतरलं, समोरचं गवतही दिसेना. अंधाराच्या बराच आधी मी खाली आलो. फोनवर ताईने विचारलं, "किती?"

"एकही नाही."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात नवी पुस्तकं आली होती. एक घरी आणलं आणि वाचत बसलो. चढ आठवला की पाय जड व्हायचे. फोन आला तेव्हा म्हटलं, "आजही नाही." आपण खोटं बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घातली. मी एकही पाहिला नव्हता, हे खरंच होतं. मनाने आकडा रचला असता तर ती लबाडी झाली असती. शून्य मला लबाडी वाटेना. पुढचे पाच आठवडे मी तेच केलं. शनिवार-रविवारच्या रेघा तेवढ्या प्रामाणिकपणे मारल्या.

ती खाटेवर पडून कारणं शोधायची. गवत कुणी कापलं का? वणवा लागला का? शेजारच्या खाणीचं यंत्र संध्याकाळीही चालतं का? एकदाच तिने विचारलं, "अंधार पडेपर्यंत बसतोस ना रे?"

"बसतो," मी म्हणालो. हे मात्र साफ खोटं होतं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

कार्तिकाच्या शेवटी तिने मला कागद घ्यायला लावला आणि मजकूर सांगितला : 'या हंगामात एकही पक्षी मुक्कामास आढळला नाही.' मी म्हटलं, "हे कशाला कळवतेस? तुझ्याच हरकतीवर पाणी पडेल."

"मग काय खोटं लिहू?"

तेव्हा सांगता आलं असतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला पेन धरायलाही जड जात होतं. मी कागद पुढे केला. पत्र माझ्या अक्षरात, सही तिची. महिन्याभरात ती गेली. जाण्याआधी एकदा म्हणाली, "बरं झालं, रिकामा सडा बघायला मी नव्हते."

उन्हाळ्यात खाणीला परवानगी मिळाली.

पुढच्या दसऱ्यानंतर मी सड्यावर गेलो. अर्धा सडा कापून झाला होता, चिऱ्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. उरलेल्या पट्ट्यात अंधार होईपर्यंत नऊ पक्षी उतरले. म्हातारे गुरं हाकत जवळ आले. मी विचारलं, "आबा, या वर्षी परत आले म्हणायचे?"

"परत कसले? गेल्या सालीपन आल्ती की. बक्कळ होती." गुरांकडे बघतच ते पुढे म्हणाले, "तुमीच न्हाय दिसलाव."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. टेबलामागच्या मुलीने फाइल काढली. ती ताईची विद्यार्थिनी निघाली. मी म्हणालो, ते आकडे चुकीचे आहेत, मी मोजायला गेलोच नव्हतो, ताईला काहीच माहीत नव्हतं. तिने पत्र दोनदा वाचलं.

"काका, यावर सही बाईंची आहे."

"सही तिची, पण शून्य माझं."

"आम्हाला दहावीला होत्या त्या. प्रयोगवहीत एक आकडा मनाने घातला तर पूर्ण पान फाडायला लावायच्या." तिने फाइल मिटली. तिचा आवाज चढला नव्हता. "खाण थांबावी असं मलाही वाटतं. पण त्यासाठी बाईंना खोटं पाडू नका. निदान तुम्ही तरी."

मी म्हटलं, माझं म्हणणं लेखी देतो. तिने कोरा कागद दिला. मी पान भरून सगळं लिहिलं, सही केली. तिने न वाचताच आवक शिक्का मारला आणि तो कागद ताईच्या पत्राखाली लावला.