मुंगूस, जवाई आणि तहसीलदारीण

आमच्या घरात जखमी कोंबडीवर दोनच औषधं चालतात, तिखट आणि मीठ. (तेलही लागतं, पण ते फोडणीला!) तिसरं औषध मी आणलं आणि त्यापायी अख्ख्या घराशी वैर घेतलं.

कोंबडीचं नाव तहसीलदारीण. अंगणात कुणी आडवं आलं की मान तिरकी करून असं बघायची, की माणसानं अर्ज मागे घ्यावा. माझ्या आठ कोंबड्यांत नेटानं अंड्यांवर बसून पिल्लं काढणारी ती एकटीच, म्हणून माझा तिच्यावर जीव. जीव माझ्या सासूबाईंचाही होता, पण तो वेगळ्या कारणानं. रविवारी पुसदचे जवाई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, येणार होते. आमच्याकडे जवाई आला की एक कोंबडी जाते.

"यंदा हेच," आत्याबाईंनी बोट दाखवलं. (सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो.) "चांगली भरली हाय."

"तिले हात लावाचा नाई! जवायाले वांग्याचं भरीत करतो."

"भरतावर जवाई? बाप्पा! लोक काय म्हंतीन?"

"लोक म्हंतीन, वांगे चांगले होते!"

हे भांडण रंगात असतानाच मुंगूस आलं. भरदुपारी, अंगणातून, आपल्याच घरचं असल्यासारखं. मी झाडू उचलला, तर आत्याबाईंनी हात जोडले.

"मारू नको वं! मुंगूस दिसलं का दिवस चांगला जाते."

दिवस चांगला गेला. मुंगसाचा! संध्याकाळी तहसीलदारणीची पिल्लं मोजली तर दोन कमी भरली.

मग मी पदर खोचला. आमच्याकडे रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं साड्या हलतात, डुकरांना वाटतं माणसं उभी आहेत. तोच इलाज मी अंगणात करायला घेतला.

"अवं, साडी डुकरासाठी असते," आमचे हे म्हणाले. "मुंगूस साडीले भेते काय?"

"एवढं मोठं डुक्कर भेते, मंग हे हातभर जनावर काहून नाई भेणार?"



जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यातून आत्याबाईंच्या सहा निघाल्या, माझ्या दोन. त्यातली एक लिंबू रंगाची, भावानं लग्नात घेतलेली. तिचा ब्लाउज आता माझ्या कोपरापाशीच अडतो, पण म्हटलं, बारीक झाले तर? ती हळूच मागे काढली आणि घडी करून ओसरीवरच्या खाटेवर ठेवली. त्यामुळे न्हाणीच्या कोपऱ्यात एक साडी कमी पडली. तिथं मी पराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भारा टेकवून दिला आणि साऱ्या गल्लीला सांगून आले, "आता येऊन दाखवाव म्हना त्यानं!"

शुक्रवारी दुपारी त्यानं येऊन दाखवलं.

अंगणात एकच कल्ला झाला. मी धावले, तर मुंगसाच्या तोंडात तहसीलदारणीचा पंख आणि तहसीलदारणीची चोच मुंगसाच्या कानात! मी असं काही ओरडले की मुंगूस पळालं आणि आत्याबाईंच्या हातातली परात पडली. पंखाच्या मुळाशी, कोंबडीच्या पाठीतून रक्त वाहत होतं. हाताला लागेल ते फडकं ओढलं, कोंबडी गुंडाळली आणि घरात आणली.

"आता सोड तिचा नाद," आत्याबाई म्हणाल्या. "रविवारपर्यंत टिकत नाई. आजच कापू, जवायाले लवकर बोलावू."

"टिकन! मुंगसाच्या तोंडातून काढली ते काय जवायाच्या ताटात टाकाले?"

जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुतली, हळद भरली. तरी समाधान होईना, म्हणून यांच्या गुडघ्यासाठी आणलेलं लाल औषध वरून चोपडलं. आणि जिवाभावाच्या मैत्रिणींत तिला बरं वाटेल म्हणून खुराड्यात सोडली. पाच मिनिटांत त्या साती जिवाभावाच्या मैत्रिणी तिच्या पाठीवर तुटून पडल्या! मुंगसानं एक जखम केली होती, मैत्रिणींनी तीन केल्या.

तिला तशीच गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लाल काहून लावलं बाई? लाल दिसलं का कोंबड्या टोचतेच. हे जांभळं औषध लावा. अन् बरी होईस्तोवर वेगळी ठेवा."

जांभळं औषध थेंबथेंब लावायचं होतं. पण कोंबडीनं पाय झाडला, बाटली उपडी झाली आणि चोचीपासून शेपटीपर्यंत तहसीलदारीण जांभळी झाली. मीही कोपरापर्यंत झाले. तिला बैठकीत टोपल्याखाली ठेवलं आणि टोपल्याजवळ मी ठाण मांडलं. विळी उशाशी घेतली! (भाजी चिरायला होती, पण आत्याबाईंना तसं सांगितलं नाही.)

रविवारी जवाई आले, पाणी प्याले, टेकले. तेवढ्यात टोपलं हललं आणि खालून एक जांभळी मान बाहेर आली. जवाई खुर्चीत पाय वर घेऊन बसले.

"वहिनी, हे काय होय?"

"कोंबडी."

"अन् हिले झालं काय?"

"डॉक्टरनं वेगळी ठेवाले सांगतलं," मी म्हटलं. (यात एक अक्षर खोटं नाही!)

जवायांची नजर माझ्या जांभळ्या हातांवर गेली. "आज जेवाले... कोंबडी तं नाई न?"

"आत्याबाई म्हनतच होत्या..."

"नाई नाई! मले वांगे लय आवडते!"

तीन भाकरी भरतासोबत गेल्या. जाताना त्यांनी कोंबडीला लांबूनच नमस्कार केला.

"पुढच्या खेपेले पायतोच तुले," आत्याबाई कडाडल्या.

"पुढच्या खेपेले दुसरी बाटली आनतो!" मी म्हटलं.

मग यांनी साड्या सोडून अंगणाला बारीक जाळी लावली, खाली वीतभर गाडून. न्हाणीच्या कोपऱ्यात येऊन थबकले.

"मुंगूस येथूनच शिरलं. येथची साडी कोठी गेली?"

मी आभाळाकडे पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं. साडी कुठं होती ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी खाटेवरून ओढलेलं फडकं म्हणजे हीच साडी. लिंबू रंगावर आता रक्त, हळद, लाल औषध आणि जांभळं औषध असा चौरंगी ठसा आहे. जी साडी मी तहसीलदारणीसाठी द्यायला तयार नव्हते, तिच्यावरच ती आता अकरा अंडी घेऊन ऐटीत बसली आहे, उठायचं नाव काढत नाही. ब्लाउज तेवढा मी जपून ठेवलाय. तो आम्हा दोघींनाही होत नाही.