गाडीत भरलेली गादी

विजेवरची गाडी घेतल्यापासून माझ्या नवऱ्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. हैदराबादला जाताना पांढरकवड्याच्या पुढे कुठेतरी गाडी लावायची आणि एसी चालू ठेवून रात्रभर आतच झोपायचं. मागच्या सीट आडव्या केल्या की पलंग तयार, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

त्या पलंगावर काय अंथरायचं, हे मात्र सासूबाईंनी ठरवलं. त्याने आणलेली हवेची गादी त्यांनी बोटाने दाबून बघितली आणि बाजूला ठेवली. "घरी वावरातला कापूस असताना पोरगं हवेवर कायले झोपन?" आठवड्याभरात गादीवाल्याकडून घरच्या कापसाची गादी भरून आली. ती इतकी गुबगुबीत होती की गाडीचं मागचं दार लावायला आम्हा दोघींना रेटावं लागलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी अंगणात रंगीत तालीम झाली. नवरा आत आडवा झाला, तेव्हा त्याचं नाक छताला टेकायला आलं. कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागे. तरी काच खाली करून तो मला म्हणाला, "मस्त जमून राह्यलं." मी मान डोलावली.

थोड्या वेळाने तो पाणी प्यायला म्हणून घरात आला. परत गेला, तर सासूबाई आत पाय पोटाशी घेऊन गाढ झोपलेल्या. त्यांच्या बुटक्या बांध्याला गाडी अगदी मापात बसली होती. चहाच्या वेळेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

हैदराबाद अजून राहिलंच आहे. दुपारची जेवणं झाली की सासूबाई पदराला हात पुसत लेकाला सांगतात, "गाडी थंडी करून ठेव बाप्पा, मी आलीच."