फोटोतली म्हातारी

पोस्ट बंद होणार असल्याची नोटीस ताईंनीच दारावर चिकटवली. वरच्या ऑफिसातून पाकिटात आली होती ती, सोबत 'दर्शनी भागात लावावी' असा हुकूम. मग ऑफिसातलाच डिंक, ऑफिसातलाच ब्रश, आणि आपल्याच गळ्याचा फास सरळ बसलाय ना, हे दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून बघणं. उजवा कोपरा जरा उचलला होता, तो त्यांनी अंगठ्यानं दाबला. वर्षानुवर्षं एका जागी काम केलं की माणूस असा होतो.

नोटिशीत फार काही नव्हतं. ग्राहक कमी, म्हणून या महिनाअखेर शाखा बंद. लोकांनी पुलापलीकडच्या मोठ्या पोस्टात जावं. ताईंचीही बदली तिथंच. नोकरी जात नव्हती. त्यामुळे ज्यानं त्यानं "चला, तुमचं तरी भलं झालं," असं म्हणायला सुरुवात केली आणि ताई प्रत्येक वेळी नुसती मान हलवून पुढचं पाकीट ओढायला लागल्या.

पोस्ट म्हणजे तरी काय, लाँड्री आणि शिंप्याचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवलेली एक खोली. पुढं लाकडी बाक, मध्ये जाळीची खिडकी, खिडकीमागं ताईंचं टेबल आणि टेबलामागं प्लायवूडचं अर्धवट पार्टिशन. त्या पार्टिशनच्या आड, स्टुलावर, ताईंची आई बसायची.

आईचं डोकं कामातून गेलं होतं. आयुष्यभर शिवणकाम करून जिनं एकटीनं मुलगी वाढवली, तिला आता मुलीचं नावही दिवसभरात एखाद्या वेळीच आठवायचं. घरी एकटी ठेवून पाहिलं होतं. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर पडली, ती पुलाच्या कठड्याशी सापडली, तीही अनवाणी. त्या दिवसापासून ताई तिला सोबत आणायला लागल्या. इथं मात्र म्हातारी लेकरासारखी शहाणी व्हायची. पार्सलांच्या सुटलेल्या सुतळ्यांचा ढीग मांडीवर घ्यायचा, गाठी सोडवायच्या, गुंडी करायची. बोटांना सगळं आठवत होतं. गाठ सुटली की, "सुटली गं बाई!" असं इतक्या आनंदानं म्हणायची की खिडकीपाशी उभा असलेला माणूसही हसायचा.

बाहेरच्या माणसाला आत बसवणं नियमात बसत नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. गल्लीलाही ठाऊक होतं. पण गल्लीनं कधी 'ब्र' काढला नाही. शिंपी तर बटणं लावायचं किरकोळ काम मुद्दाम आणून द्यायचा, "आजींचा हात चालू राहू दे" म्हणून. मोठ्या पोस्टात हे चालणार नव्हतं. तिथं काचेच्या भिंती, प्रत्येक दाराला पट्टेवाला, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. म्हणजे ही खोली बंद झाली की आईला ठेवायचं कुठं, एवढा एकच प्रश्न होता. बाकी पोस्टाचं काय व्हायचं ते होवो.

आता यात राजकारणाचं काय काम? पण गल्लीत काही बंद पडलं आणि त्यावर कुणी भाषण केलं नाही, असं कधी झालंय?

नगरसेवकांनी दुसऱ्याच दिवशी चौकात फलक लावला. पोस्ट बंद करायचा निर्णय आधीच्या काळातला आहे, कागद तेव्हाच फिरले होते, आम्ही फक्त भोगतोय. संध्याकाळपर्यंत माजी नगरसेवकांचा फलक शेजारी उभा राहिला, आकारानं थोडा मोठा. आमच्या काळात पोस्टाच्या केसाला धक्का लागला नाही, आत्ताच्यांनी डोळे मिटून मान डोलावली. हे म्हणाले त्यांनी केलं, ते म्हणाले यांनी केलं. न्हाव्याच्या दुकानात दोन तट पडले, एकाची अर्धी दाढी तशीच राहिली म्हणतात. पोस्ट कुणी बंद केलं यावर सगळे तावातावानं बोलत होते. ते चालू कसं ठेवायचं, यावर एकाचीही जीभ उचलत नव्हती.

ताईंनी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "बघा ताई, लोकप्रतिनिधींनी एकमुखानं मागणी केली तर मला फेरविचार करता येईल. पण एकमुखानं हवी. एकानं मागायची आणि दुसऱ्यानं टीका करायची, यात मी पडणार नाही."

ताई त्याच संध्याकाळी मागणीचा अर्ज लिहून, आईचा हात धरून नगरसेवकांकडे गेल्या.

"सही? आत्ता करतो!" नगरसेवक म्हणाले. "फक्त आधी माजींची आणा. नाहीतर उद्या म्हणतील, सगळं श्रेय यानं लाटलं."

तिथून माजींकडे.

"ताई, तुम्ही आमच्या बहिणीसारख्या," माजी म्हणाले. "पण बंद त्यांनी केलं. आधी त्यांची सही हवी. मी आधी केली तर चूक माझी होती असं नाही का होत?"

दोघांच्या घरांमध्ये एक उतार होता. ताई तो किती वेळा चढल्या-उतरल्या, त्यांनाच माहीत. आईला वाटायचं आपण फिरायला निघालोय. प्रत्येक दारात ती चपला काढायची, "पाहुणे कुठं आहेत?" असं विचारायची आणि परत निघताना चपला घालायला कां कूं करायची. शेवटच्या खेपेला ताई जिन्यातच बसल्या आणि रडल्या. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको," ती म्हणाली, "तुझी आई येईल हं घ्यायला."

मग एके सकाळी माजी स्वतः पोस्टात आले. सोबत फोटो काढणारा. माजींनी बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा. त्यांचा चेहरा पडला.

"म्हातारी माणसं येतात ना तुमच्याकडे? एखादी आजीबिजी? एक फोटो हवा होता. आजी बाकावर, मागं दारावर ती बंदची नोटीस. उद्या सगळ्यांच्या मोबाईलवर जाईल बघा. मग कोण सही करत नाही तेच बघतो."

त्याच वेळी पार्टिशनमागून आवाज आला, "सुटली गं बाई!"

माजींनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माजींकडे पाहिलं. 'नाही' म्हणायला एक क्षण होता. पण बुडत्या माणसाला हाताला काय लागतंय हे बघायची फुरसत नसते. ताईंनीच आत जाऊन आईच्या मांडीवरची सुतळी काढून घेतली, तिचे केस नीट केले, तिला बाहेर आणून बाकावर बसवलं आणि हातात एक कोरं पाकीट दिलं. हे कुणी त्यांच्याकडून करून घेतलं नाही. त्यांनी केलं. फोटो काढणारा म्हणाला, "आजी, जरा दुःखी दिसा." आईला ते काही कळलं नाही, पण सुतळी काढून घेतल्यामुळे ती आधीच हिरमुसली होती. फोटो अगदी हवा तसा आला.

'या आजींनी जायचं कुठं?' असं वर लिहून तो फोटो सगळीकडे फिरला. लोक हळहळले. पूर्वी कधी पोस्टाची पायरी न चढलेल्यांनी लांबलचक मजकूर लिहिले. वरच्या साहेबांचाही निरोप आला की शाळेच्या सभागृहात सभा घेऊ, लोकांचं म्हणणं ऐकू. ताईंना त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली.

सभागृह गच्च भरलं. ताई तिसऱ्या रांगेत, शेजारी आई. घरी ठेवायची सोय नव्हती आणि आज लपवायचंही काही कारण वाटलं नाही. माजी तासभर बोलले असतील. टाळ्या पडल्या की आईही टाळ्या वाजवायची. मग नगरसेवक उठले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, आणि ज्यांचा आवाज एरवी चढा असतो त्यांचा मऊ झाला की समजावं, काहीतरी हाताशी लागलंय.

त्यांनी पडद्यावर आधी तो फोटो दाखवला. मग दुसरा. कुणीतरी जाळीतून काढलेला. पार्टिशनमागं स्टुलावर तीच आजी, मांडीवर सुतळी, पाठीमागं सरकारी पिशव्या.

"या आजी ग्राहक नाहीत," नगरसेवक म्हणाले. "या पोस्टातल्या बाईंच्या मातोश्री. रोज आत बसतात. सरकारी ऑफिस आहे की घरची ओटी? लोकांची पत्रं, लोकांची पार्सलं, आणि आत कोण बसलंय तर हे! मग ग्राहक येतील कशाला? पोस्ट मी बंद केलं नाही. माजींनीही केलं नाही, मी आज जाहीर सांगतो. ते कुणी बंद पाडलं, ते तुमच्यासमोर बसलंय."

सगळ्यांनी माजींकडे पाहिलं. माजी उभे राहिले. रुमालानं कपाळ पुसलं. "मला अंधारात ठेवलं गेलं," ते म्हणाले. "माझ्या सद्भावनेचा गैरफायदा घेतला. या बाबतीत मी नगरसेवकांशी सहमत आहे." साहेबांना हवा होता तो एकमुखी सूर असा लागला. सभागृहात टाळ्या झाल्या. आईनंही वाजवल्या.

ताई उठल्या. "आई आहे माझी," त्या म्हणाल्या. "तिला एकटं ठेवता येत नाही. तिनं कधी एका पाकिटाला हात लावला नाही. तुम्ही सगळे रोज बघताय. सांगा ना कुणीतरी." त्यांनी लाँड्रीवालीकडे पाहिलं. तिनं पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. शिंपी बुटांकडे बघत बसला. शिंप्यानं तरी बोलायला हवं होतं. लेकाच्याच्या कित्येक सदऱ्यांची बटणं त्या म्हातारीनं लावली होती. पण गिऱ्हाईकं दोन्ही पक्षांची, दुकान भाड्याचं, आणि नगरसेवक पुढच्याच रांगेत. कळतं सगळं. कळलं म्हणून राग कमी होत नाही.

"बाई, तुमची घरगुती अडचण मी समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण तो आजचा विषय नाही." मग कागद आवरता आवरता हळू आवाजात म्हणाले, "चौकशी लावत नाही मी. बदलीच्या जागी वेळेवर हजर व्हा."

महिनाअखेरीला पोस्ट बंद झालं. दोन्ही फलक दुसऱ्या दिवशी उतरले. भांडणाला विषयच उरला नव्हता. खापर फोडायला डोकं सापडलं की माणसं किती लवकर शांत होतात!

ताईंनी आईसाठी काय नाही केलं. लाँड्रीवालीला विचारलं. ती म्हणाली, "ठेवली असती हो, पण वाफेची यंत्रं आहेत, भाजलं-बिजलं तर?" शिंपी स्वतः घरी आला, दारातच उभा राहिला, "ताई, त्या दिवशी..." इतकंच म्हणाला. ताईंनी विचारलं, "दिवसा आईला बसू द्याल दुकानात?" तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. त्यानंतर तो समोर दिसला की रस्ता ओलांडायचा. वृद्धांच्या संस्थेत गेल्या, तर जागा नव्हती. रिकामी कधी होईल म्हणून विचारलं, तेव्हा तिथली बाई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. सांभाळायला बाई ठेवून पाहिली, तर आई तिला चोर समजून ओरडायला लागली आणि ती दुपारीच पळाली. रजा मागितली, नाकारली. नोकरी सोडावी तर दोघींनी खायचं काय? रात्री त्या आईच्या अंथरुणाशेजारी पडून राहायच्या आणि मनात असं काहीबाही यायचं की स्वतःचीच भीती वाटायची.

मोठ्या पोस्टात हजर व्हायच्या दिवशी त्या पहाटेच उठल्या. गॅसचा रेग्युलेटर काढून बॅगेत टाकला. सुऱ्या, काड्यापेट्या, औषधं वरच्या फळीवर. खिडक्यांच्या कड्या तारेनं बांधल्या. ताट वाढून झाकून ठेवलं, पाण्याचा तांब्या शेजारी. आई खुर्चीत बसून हे सगळं कौतुकानं पाहत होती. "कुठं गावाला निघालीस का?" तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, "येते गं संध्याकाळी." आणि तिच्या कपाळावर ओठ टेकून बाहेर आल्या.

कुलूप नवं होतं, किल्ली घट्ट फिरत होती. फिरली एकदाची. ताई तिथंच उभ्या राहिल्या, दाराला कान लावून. आत पावलं वाजली. कडी हलली. परत हलली.

"अहो, कोण आहे बाहेर?" आईचा आवाज आला. परक्या माणसाशी बोलावं तसा, अदबीचा. "बाहेरून दार लागलंय वाटतं चुकून. जरा काढता का?"

ताईंनी तोंडावर हात दाबून धरला.

"राहू द्या, घाईत असाल तर," आई आतून म्हणाली. "माझी मुलगी येईलच इतक्यात. मला कुणी असं कोंडलंय हे तिला कळलं ना, तर ती काही गप्प बसायची नाही."

ताईंनी किल्ली बॅगेत टाकली आणि बस चुकू नये म्हणून आवाज न करता जिना उतरायला लागल्या.