बिजलीचा डावा पाय

भाच्याच्या लग्नातल्या परण्यासाठी घोडी ठरवायला झरीला गेलो होतो. मामा म्हणून ते काम माझं. घोड्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण गिऱ्हाईक कच्चं दिसू नये म्हणून मी बिजली नावाच्या घोडीच्या पुढच्या पायाला, बरोबर मध्यावर हात लावला आणि जाणकारासारखी मान हलवली. "गुडघा मजबूत हाय."

"मनगट," मागून आवाज आला.

"काय?"

"ते मनगट हाय. गुडघा मागच्या पायाला. पुढचे दोन्ही हात समजा."

घोडीचे मालक चाँदभाई तोंडाला रुमाल लावून हसले. बिजलीनंही पाय काढून घेतला.

मागून बोलणारे म्हणजे परभणीतले आमचे शेजारी. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते. जनावरांच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म शरीररचना शिकवली. निवृत्त झाले, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. 'घोडी' हा शब्द कानावर पडल्याबरोबर माझ्या गाडीवर मागं बसून आले होते.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या सरांची खोड अशी, की समोरच्याचा हात धरायचा, त्याचं मधलं बोट टेबलावर उभं करायचं आणि म्हणायचं, "आता ह्याच्यावर सगळं वजन टाका." बोट दुखलं की सर खूश. "घोडा असा जगतो. एका बोटाच्या नखावर. बाकीची बोटं कवाच सोडून दिली त्यानं." गॅस सिलिंडरवाला, कुरियरवाला, निवडणुकीत मतं मागायला आलेले उमेदवार, कुणाचंच बोट त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. फक्त माझी बायको सुटायची. सरांची चप्पल दारात वाजली की ती हातांना कणीक लावून बसायची.

सरांच्या पत्नी गेल्यापासून संध्याकाळचा चहा त्यांनी आमच्याकडेच घ्यायचा असं ठरलं होतं. म्हणजे ठरवलं कुणीच नव्हतं, ते यायचे. त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्या शेजारी घोड्याच्या पुढच्या पायाचा रंगीत तक्ता. सकाळी वंदनेला बसले की दोघांनाही हात जोडल्यासारखे दिसतात. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "घोड्याचा पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेला नसतो. आपल्यासारखं गळ्याचं हाडच न्हाई त्याला. दोन्ही बाजूंच्या स्नायूंची झोळी, अन् त्या झोळीत छाती टांगलेली. मधी कायबी न्हाई, तरी धरून ऱ्हातंय." मग रिकाम्या कपात बघत राहिले. बायकोनं न विचारता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

लग्न चारठाण्याला, नवरीच्या गावी होतं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात. तो परण्या. घोडी नाचली तरच परण्या झाला म्हणायचं. बिजली झरीहून टेम्पोतून आली. फळीवरून उतरताना तिचा पुढचा डावा पाय सटकला, एवढंच मी पाहिलं होतं. भाचा बाशिंग बांधून, हातात कट्यार घेऊन तयार. बँड सुरू झाला आणि आमच्याबरोबर वऱ्हाडात आलेले सर आडवे आले.

"थांबवा. घोडी लंगडायलीय."

कुणालाच काही दिसत नव्हतं. मलाही नाही. मी तर मनगटाला गुडघा म्हणणारा माणूस. सरांनी हलगीवाल्याला जवळ बोलावलं. "हिची मान वर गेली की एक थाप मार. फक्त तवाच." चाँदभाईंनी बिजलीला डांबरी रस्त्यावर नुसतं चालवलं. थाप पडायला लागली. डावा पाय टेकला की मान वर, की थाप. उजव्याला शांत. परत डाव्याला थाप. सगळं वऱ्हाड वाकून घोडीचा पाय बघायला लागलं. चाँदभाईंचा चेहरा उतरला.

सर खाली बसले. मनगटाखालच्या नळीच्या मागून त्यांनी हात खाली सरकवत नेला. एका जागी बिजली थरथरली. "हा कंडरेचा दोर सगळं अंग पेलतो. सुजलाय, तुटला न्हाई. आज हिच्यावर माणूस बसवून हिला नाचवलं तर तुटंल. मग ही घोडी संपली."

"घर में येइच एक कमानेवाली हय," चाँदभाई हळूच म्हणाले. ते कुणाला उद्देशून होतं, देव जाणे.

एवढ्यात माझी बहीण पुढं आली. नवरदेवाची आई. "माझ्या एकुलत्या एक लेकाचा परण्या पायी? व्याह्यांच्या गावात? बाळ्या, तुझ्या ह्या शेजाऱ्याला बाजूला घे!"

पन्नाशीच्या माणसाला भर वऱ्हाडात बाळ्या म्हटल्यावर त्याची काय पत राहते? मी सरांकडे पाहिलं. ते वाद घालत नव्हते. बिजलीचा पाय दोन्ही हातांत धरून तसेच बसले होते.

"ताई, घोडीवर कुणी बसायचं न्हाई," मी म्हणालो. ठणकावून म्हणायचं होतं, पण आवाज पिपाणीसारखा निघाला.

भाच्यानंच वाचवलं. "मामा, स्कूटी काढा."

नवरीच्या भावाची स्कूटी आली. तिच्यावर बिजलीची झूल टाकली. मी चालवायला, भाचा मागं. गतिरोधक आला की बाशिंग माझ्या मानेत घुसायचं. बँडवाल्यांनी घोडी नाचवायची चाल लावली, तेव्हा पोरांच्या आग्रहाखातर मी स्कूटी जागच्या जागी दोनदा डोलवलीसुद्धा. मारुतीपाशी नवरीच्या मावशीनं घोडीसाठी आणलेली भिजवलेली डाळ सवयीनं माझ्या तोंडासमोर धरली. मी खाल्ली. भूक लागली होती.

मांडवात परतलो तर पंगतीत पाण्यावरून ओरडा. थंड पाण्याचे सगळे जार सरांनी बिजलीच्या पायावर ओतले होते. मठ्ठ्याचा बर्फही फडक्यात गुंडाळून तिच्या नळीला बांधला होता. वऱ्हाडानं कोमट मठ्ठा प्याला. ताई त्या दिवसापासून आमच्याशी बोलेनाशी झाली.

त्यानंतर सर रोज एसटीनं झरीला जाऊ लागले. अगोदर नुसता आराम, मग थोडं चालवणं, मग आणखी थोडं. ती लग्नसराई बिजलीनं गोठ्यात काढली आणि चाँदभाईंनी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हरकी करून घर चालवलं. सर अंधार पडल्यावर परत यायचे, त्यामुळे संध्याकाळचा चहा बंद. त्या वेळेला बायको कोरड्या हातांनी दारात उभी राहून गेटाकडे बघायची. शेवटी एका सकाळी तीच म्हणाली, "चला, बघून तरी येऊ."

आम्ही पोचलो तेव्हा सर रस्त्याच्या कडेला मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. चाँदभाई दोरी धरून पळत होते आणि बिजली त्यांच्याबरोबर दुडक्या चालीनं. डांबरावर टापा पडत होत्या, सगळ्या सारख्या, एकही मागं नाही, एकही दबकी नाही.

"पुन्हा एकदा," सर म्हणाले.

चाँदभाई पळाले.

"पुन्हा एकदा."

"साब, घोडी अच्छी हय, अब मैं लंगडाऊंगा! और कितने बार?"

"झालं, झालं. तपासून कवाच झालंय," सर डोळे न उघडता म्हणाले. "लय गोड वाटायलंय ऐकायला."

येताना बायको गाडीवर मागं बसली होती. परभणी जवळ आली तेव्हा म्हणाली, "आज ताईंना फोन लावा, मी बोलते. अन् आपल्या लेकीच्या लग्नात नवरदेव पायी आला तरी चालंल. बिजलीला बोलवू, पण पाहुणी म्हणून. जेवायला."