आजीच्या खुर्चीत बसलेली माणसं

आमच्या आजीचे किस्से सांगताना एकच पंचाईत होते. मी एक सुरू करते, तेवढ्यात भाऊ म्हणतो, "तो नको गं, दुसरा सांग!" आणि मग दोन्ही अर्धवट राहतात. आज तो इथे नाही, तेव्हा सांगूनच टाकते.

कर्जतच्या पेठेत आमचं सलून होतं. एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. एकोणीसशे चाळीसच्या सुमारास आजोबा गेले. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून घरातल्या दाढ्या आजीच करायची. दिवसकार्य उरकलं आणि तिनं दुकान उघडलं. बाई दाढी करणार! लोक बघून जायचे, बसायचं कुणी नाही.

शेवटी शेजारचे फळवाले रहीमचाचा बसले. डोळे गच्च मिटून, हात छातीवर.

"मावशी, गळा तेवढा सांभाळ!"

"चाचा, आदी डोळं उघडा. असं मेल्यावानी बसलात तर दुसरं गिऱ्हाईक यायचं न्हाई!"

•

एका बापाला पोराची शेंडी हवी होती, पोराला इंग्लिश कट. दोघं दुकानातच भांडले. आजीनं निवांत कात्री चालवली, भांग पाडला. बाप ओरडला, "शेंडी कुठाय?"

"हाय की केसांच्या आत. घावली तर धरा!"

•

बेचाळीसची धामधूम. हवालदार खुर्चीत, तोंडभर फेस. तेवढ्यात दाढी वाढलेला एक तरुण दारात आला. त्याच्यावर वॉरंट होतं, हे सगळ्या पेठेला माहीत! हवालदार वळायला लागले.

"हलू नका सायेब, नरड्यावर वस्तरा हाय!" मग दाराकडे न बघताच म्हणाली, "आज न्हाई जमायचं बाबा, हवालदार सायेबांची दाढी चाललीय."

पोरगा पसार! हवालदार उठले तेव्हा गाल चोळत म्हणाले, "मावशी, आज लई वेळ लावलास."

"सरकारी गाल हाय. जपावं लागतं!"

•

लढाई संपली आणि गावकुसाबाहेरचा सखाराम पलटणीतून परत आला. आजीनं त्याला त्याच खुर्चीत बसवलं. बाकावरची मंडळी उठून उभी राहिली. त्यातला एक म्हणाला,

"मावशे, आता खुर्ची धुऊन घे!"

"धुते की. तुमी उठल्यावर रोजच धुते!"

हसण्यावारी गेलं नाही हं ते. बरीच गिऱ्हाइकं तुटली. घरात कित्येक दिवस भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पुढे काही परत आली, काही कधीच नाही. सखाराम मात्र येत राहिला, त्याच खुर्चीत.

•

आता शेवटचा. दामूअण्णा म्हणून एक म्हातारे होते. बायको गेलेली, मुलगी दूर दिलेली, घरात एकटेच. ते एक दिवसाआड दाढीला यायचे. गाल गुळगुळीत, तरी यायचे! आजी कोमट पाणी घ्यायची, भरपूर फेस करायची, हनुवटी बोटांनी हलकेच वर उचलायची आणि सावकाश वस्तरा फिरवायची.

एकदा बाकावरचा तुकाराम टेलर बघत होता. तो एकदम ओरडला, "अगं मावशे, वस्तरा उलटा धरलायस तू, धार वर!"

"ठावं हाय," आजी म्हणाली. "हळू बोल. डोळा लागलाय त्यांचा."